सायकलवाटांचे जाळे : लिम्बुर्ग प्रांताचा अनुभव

बेल्जियमच्या ईशान्य टोकाला, नेदरलँड्सच्या सीमेलगत, लिम्बुर्ग नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे २,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांहून लहान. भाषा डच आणि प्रशासनाचे मुख्य ठाणे हासेल्ट. मुख्यतः शेतीवर आणि ओसाड माळरानावर जगणाऱ्या या प्रदेशात आस या गावाजवळ १९०१ साली आंद्रे द्युमाँ यांना दगडी कोळसा सापडला आणि प्रांताचे रूप पालटले. १९१७ पासून कोळसा निघू लागला. कालांतराने सात खाणी उभ्या राहिल्या. इटली, पोलंड, तुर्कस्तान, मोरोक्को अशा दूरच्या देशांतून मजूर येऊन खाणीभोवतीच्या वसाहतींत स्थायिक झाले. पुढे कोळशाचे दिवस फिरले. १९६६ साली झ्वार्टबेर्ख येथील खाण बंद करण्याच्या निर्णयावरून उसळलेल्या संघर्षात दोघांचे प्राण गेले. १९८७ ते १९९२ या अवघ्या पाच-सहा वर्षांत उरलेल्या सर्व खाणींना टाळे लागले.

खाणी गेल्यानंतर प्रांताजवळ काय उरले, याचा हिशेब मांडणे उद्बोधक ठरेल. दगडगोट्यांच्या प्रचंड टेकड्या होत्या. कोळसा वाहून नेणारे रूळ होते. खाणीतील छताला आधार देण्यासाठी जे लाकूड लागे, त्यासाठी लावलेली पाइन वृक्षांची विस्तीर्ण वने होती. माळ, तळी आणि कालवे होते. शेताशेतांतून जाणारे अरुंद, पण पक्के रस्ते होते. उद्योगाच्या दृष्टीने यातील बहुतेक वस्तू निरुपयोगी ठरल्या होत्या. त्यांना एका सूत्रात ओवण्याची जी योजना पुढे आली, ती हौशी सायकलस्वारांसाठी आखलेल्या वाटांच्या जाळ्याची होय. तिचे जनक ह्युगो बोलेन हे व्यवसायाने खाण-अभियंते होते. भूगर्भातील बोगद्यांच्या जाळ्यात ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्यालाच हे सुचावे, याचे फारसे नवल वाटू नये. १९९५ साली प्रांताच्या पूर्वेकडील केम्पेन व मासलांड या भागात हे जाळे प्रथम खुले झाले. आज त्याची लांबी सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. फ्लांडर्सच्या इतर प्रांतांनी, नेदरलँड्सने आणि जर्मनीच्या काही भागांनीही ही पद्धत स्वीकारली आहे.

वर्तुळाकडून जाळ्याकडे

बोलेन यांच्या योजनेपूर्वीही सहलीच्या सायकलवाटा होत्याच. त्या वर्तुळाकार असत. एखाद्या चर्चपासून निघून तीस-चाळीस किलोमीटर फिरून पुन्हा तेथेच यावयाचे. प्रत्येक वाटेला नाव आणि तिचे वेगळे फलक. या पद्धतीत तीन अडचणी होत्या. वाटेची लांबी ठरलेली असल्याने लहान मुले घेऊन निघालेल्या कुटुंबाला ती झेपत नसे, तर सरावलेल्या सायकलस्वाराला ती अपुरी वाटे. जेथे दोन-तीन वाटा एकत्र येत, तेथे एकाच खांबावर फलकांची गर्दी होई. आणि एके ठिकाणी पूल दुरुस्तीला निघाला की त्या वाटेवरील सर्वच सहली बंद पडत.

नव्या पद्धतीत वर्तुळ रद्द झाले. जेथे जेथे दोन वाटा एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक नाक्याला क्रमांक देण्यात आला. डच भाषेत अशा नाक्याला ‘क्नोपपुंट’ म्हणजे गाठीचे ठिकाण म्हणतात. नाक्यावर पोहोचलेल्या सायकलस्वाराला तेथून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर पुढील नाक्याचा क्रमांक आणि बाण दिसतो. दोन नाक्यांमध्ये वाट एकच आणि तिच्यावर दोन्ही दिशांनी खुणा केलेल्या. घरून निघताना चार-सहा आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेतले की दिवसभराच्या सहलीची आखणी पूर्ण होते. थकवा आला तर मधल्याच नाक्यावरून वळता येते. भाषा न जाणणाऱ्या परदेशी प्रवाशालाही आकडे वाचता येतात, हा आणखी एक लाभ.

ही कल्पना ऐकताना इतकी सोपी वाटते की तिच्यामागील प्रशासकीय शहाणपण सहज नजरेआड होते. जाळ्यात एखादा दुवा नव्याने जोडावयाचा असेल, तर त्याच्या दोन टोकांच्या नाक्यांवरील फलकच बदलावे लागतात. एखादा दुवा बंद करावयाचा असेल, तर शेजारच्या वाटेने वाहतूक वळविता येते आणि बाकीचे जाळे अबाधित राहते. अपुऱ्या निधीत टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना असे लवचिक आराखडे अधिक मानवतात. मात्र क्रमांक देताना एक पथ्य पाळावे लागते. नेदरलँड्समध्ये दोन अंकी क्रमांकच वापरतात. साहजिकच तेच आकडे वेगवेगळ्या भागांत पुन्हा येतात, आणि सारख्या क्रमांकाचे दोन नाके एकमेकांच्या जवळ येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

जमीन कोणाची, वाट कोणाची

दोन हजार किलोमीटरच्या नव्या वाटा कोणत्याही प्रांताला परवडणाऱ्या नाहीत, आणि लिम्बुर्गने त्या बांधल्याही नाहीत. जाळ्याचा मोठा भाग पूर्वीच अस्तित्वात असलेल्या मार्गांवरून जातो. कालव्यांच्या काठच्या वाटा त्यांतील एक. १८२६ साली पूर्ण झालेल्या झॉइड-विलेम्स कालव्यासारख्या जुन्या जलमार्गांवर होड्या काठावरून दोराने ओढून नेल्या जात, म्हणून काठाने सलग, सपाट वाट ठेवणे भाग असे. आपल्याकडील कालव्यांवरील निरीक्षणवाटेशी तिची तुलना करता येईल. यांत्रिक नौका आल्यावर या वाटांचे मूळ प्रयोजन संपले. सायकलीला मात्र त्या फार सोयीच्या ठरल्या, कारण त्यांना चढउतार जवळजवळ नसतो आणि मोटारींचा उपद्रवही नसतो.

दुसरा प्रकार शेतरस्त्यांचा. यांना आपल्या पाणंदीचे काँक्रीटचे रूप म्हणावयास हरकत नाही. येथे खरा वाद उद्भवतो. रस्ता शेतकऱ्यासाठी असतो आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर शेकडो सायकली येतात. दक्षिणेकडील हास्पेंगाउ हा भाग फळबागांचा आणि शर्कराबीटचा. शरद ऋतूत बीट काढणीला आले की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला ओला चिखल रस्त्यावर पसरतो आणि सायकल घसरते. काढणी थांबविता येत नाही, सायकलस्वारालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. अशा ठिकाणी धोक्याची सूचना देणारे तात्पुरते फलक आणि चिखल वेळच्या वेळी काढून टाकण्याची शिस्त, एवढाच उपाय उरतो. आडवाटेने घुसणाऱ्या मोटारींसाठी मात्र फ्लांडर्समध्ये एक नामी युक्ती योजलेली आढळते. रस्त्याच्या मधोमध ठरावीक उंचीचा अडथळा बसवितात. ट्रॅक्टरचा तळ उंच असल्याने तो वरून निघून जातो, सायकल बाजूने जाते आणि मोटार अडते. शेतकरी व सायकलस्वार यांचे हितसंबंध एकाच काँक्रीटच्या ठोकळ्याने सांभाळले गेल्याचे हे उदाहरण आहे.

तिसरा प्रकार बंद पडलेल्या लोहमार्गांचा. लोहमार्गाचा चढ नेहमीच सौम्य असतो, भराव पक्का असतो, पूल व मोऱ्या तयार असतात. तथापि रूळ उखडल्यानंतर ती पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली किंवा तिच्यावर अतिक्रमण झाले की ती पुन्हा जोडणे दुरापास्त होते. अमेरिकेच्या संघराज्यात यासाठी १९८३ साली राष्ट्रीय वाटांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. रेल्वे कंपनीला नको असलेली पट्टी वाटेच्या स्वरूपात अखंड राखावयाची आणि पुढेमागे गरज भासल्यास तीवर पुन्हा रेल्वे आणावयाची, अशी ती तरतूद आहे.

त्या देशातील विस्कॉन्सिन राज्याने हे काम कायद्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते. एलरॉय ते स्पार्टा हा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा सुमारे ५२ किलोमीटरचा लोहमार्ग राज्याने १९६५ साली विकत घेतला आणि १९६७ साली तो सायकलवाट म्हणून खुला केला. त्यावर तीन बोगदे आहेत व सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा आहे. बोगद्यांच्या तोंडांना उंच लाकडी दरवाजे असून हिवाळ्यात ते बंद करतात. खडकातून झिरपणारे पाणी गोठले की फुगते आणि दगडाचे थर सुटू लागतात. दरवाजे लावल्याने आतील तापमान फार खाली जात नाही. रेल्वेच्या काळात गाडी आली की पहारेकरी दरवाजे उघडीत असे. आज पहारेकरी नाही, पण दरवाज्यांची गरज तशीच आहे. वाट वापरणाऱ्या प्रौढ सायकलस्वारांकडून तेथे शुल्क घेतले जाते. देखभाल फुकट होत नाही, हे प्रारंभीच मान्य करण्यात प्रामाणिकपणा आहे.

पाणी, मुळे आणि खडी

वाटेचा पृष्ठभाग कोणता असावा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. बारीक खडी व कच पसरून रोलरने दाबलेली वाट स्वस्त पडते आणि रानात शोभून दिसते. परंतु चढावर पावसाचे पाणी तिच्यातून ओघळ पाडते आणि दरवर्षी माल टाकावा लागतो. डांबराची वाट गुळगुळीत असते. मात्र जवळच्या झाडांची मुळे तिला खालून उचलतात आणि आडव्या उंचवट्यांची मालिका तयार होते. सायकलस्वाराला या उंचवट्यांचा त्रास खड्ड्यांइतकाच होतो. फ्लांडर्समध्ये काँक्रीटच्या वाटा विशेष प्रचलित आहेत. आरंभीचा खर्च अधिक असला तरी मुळांना त्या बऱ्याच अंशी दाद देत नाहीत आणि ट्रॅक्टरचे वजनही पेलतात.

पृष्ठभाग कोणताही असो, वाटेचा खरा शत्रू साचलेले पाणी हाच असतो. वाटेला एका बाजूस शंभरास दोन इतका उतार दिला, म्हणजे पाणी लगेच कडेला जाते. पण दोन-तीन वर्षांत कडेचे गवत व गाळ मिळून साइडपट्टी वाटेपेक्षा उंच होते. मग पाणी वाटेवरच थांबते, पायात मुरते आणि कडा तुटू लागतात. अशा वेळी साइडपट्टी खरवडून खाली करणे व मोऱ्यांची तोंडे मोकळी करणे हे फावड्याचे काम आहे. ते वेळेवर न केल्यास पुढे संपूर्ण वाट उखडून पुन्हा करण्याची पाळी येते. या कामाचे उद्घाटन होत नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडते.

एका फलकाचे मोल

क्रमांकांच्या जाळ्याला स्वतःचे असे एक दुर्बल स्थान आहे. सामान्य रस्त्यावरचा फलक पडला तरी वाटसरू विचारीत पुढे जाऊ शकतो. आकड्यांच्या भरवशावर निघालेल्याला मात्र एक बाण नाहीसा झाला, किंवा वाऱ्याने वा खोडसाळपणाने भलतीकडे वळला, की पुढील सर्व आकडे निरर्थक होतात. यास्तव लिम्बुर्गमध्ये पृष्ठभागाची जबाबदारी आणि खुणांची जबाबदारी वेगळी राखली गेली आहे. वाटेची डागडुजी त्या त्या रस्त्याच्या मालक संस्थेने, म्हणजे नगरपालिकेने अथवा जलमार्ग खात्याने करावयाची. खुणा मात्र संपूर्ण प्रांतात एकाच नमुन्याच्या, निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांच्या, आणि त्यांची काळजी प्रांताच्या पर्यटन संस्थेने घ्यावयाची. सुमारे चाळीस नगरपालिकांनी आपापल्या आवडीचे फलक लावले असते, तर सीमा ओलांडताच जाळे विसंगत झाले असते.

या कामी स्वयंसेवकांचे मोठे साहाय्य होते. प्रत्येकाकडे जाळ्यातील ठरावीक भाग दिलेला असतो. तेथील रूढ शब्दात हे लोक आपापल्या वाटेचे धर्मपिता किंवा धर्ममाता असतात. वाटेने सायकलवरून फिरून फलक पुसणे, पाटीवर आलेली फांदी छाटणे, वळलेला बाण सरळ करणे आणि आवाक्याबाहेरचे असेल ते कळविणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप आहे. सर्वसामान्य सायकलस्वारालाही त्रुटी कळविता यावी म्हणून फ्लांडर्समध्ये ‘रूतेडॉक्टर’, म्हणजे मार्गवैद्य, या नावाची सोय आहे. आलेली तक्रार फलकाविषयी आहे की रस्त्याविषयी, हे पाहून ती योग्य त्या संस्थेकडे धाडली जाते. नागरिकाला कार्यालयांच्या हद्दी ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

आकर्षणाची स्थळे

जाळे वीस वर्षांचे झाल्यावर प्रांताने त्यावर काही असामान्य स्थळे बांधली. बोक्रेक येथे २०१६ साली तळ्यामधून २१२ मीटर लांबीची, तीन मीटर रुंदीची वाट खुली झाली. सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीला दोन्ही बाजूंना पाणी दिसते. २०१९ साली हेख्तेल-एक्सेल येथील बोसलांडच्या वनात ७०० मीटरची वर्तुळाकार वाट उभारण्यात आली. ती सौम्य चढाने जमिनीपासून दहा मीटर उंच जाते आणि प्रवासी पाइनच्या शेंड्यांमधून फिरतो. हीच ती खाणींसाठी लावलेली वने. २०२१ साली मासमेखेलन येथील माळावर लाकडी पूल झाला. त्याखालून जाणारा मोटाररस्ता काढून टाकण्यात आला व दुभंगलेला माळ पुन्हा सलग झाला.

अशा स्थळांमुळे दूरदूरचे प्रवासी येतात आणि वाटेवरच्या लहान खानावळी, सायकली भाड्याने देणारी दुकाने व घरगुती निवासव्यवस्था यांना काम मिळते. परंतु याचा अर्थ अतिशयोक्तीने घेऊ नये. १९६४ पासून हेंक शहरात चालू असलेला फोर्ड कंपनीचा मोटार कारखाना २०१४ साली बंद पडला, तेव्हा प्रांतावर पुन्हा एकदा खाणीबंदीसारखाच प्रसंग आला. कारखान्याच्या पगाराची भरपाई सायकलवाट करू शकत नाही. ती मोसमी आणि विखुरलेले उत्पन्न देते. मात्र ते उत्पन्न ज्या गावांकडे कोणताही कारखाना कधी आला नसता, अशा गावांपर्यंत पोहोचते.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या सायकलींचा प्रसार झाल्याने आखणीची जुनी परिमाणे अपुरी पडू लागली आहेत. वयस्क मंडळीही आता दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर सहज जातात, वेग वाढला आहे, आणि समोरासमोर येणाऱ्या दोन जोड्यांना दोन मीटरची वाट पुरत नाही. कालव्याकाठी रुंदी वाढविणे शक्य असते. रानात त्यासाठी झाडे तोडावी लागतात, आणि शेतरस्त्यावर जमीन संपादन करावी लागते. अशा प्रत्येक ठिकाणी वाट रुंद करावी, वेगाला मर्यादा घालावी, की दुवाच बदलून शेजारच्या वाटेने न्यावा, याचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. दुवा बदलण्याचा पर्याय निवडला, तर दोन नाक्यांवरील पाट्या बदलून काम भागते.