किल्ला मुलांनाच करू द्या!


दिवाळीची सुट्टी लागली की मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. हल्ली बाजारात तयार किल्लाही मिळतो. आणला, ठेवला, झालं! पण त्यात मुलाने केलं काय?

मुलं किल्ला करताना जरा बघा. दगड-विटा रचायच्या, वर ओलं पोतं टाकायचं, माती लिंपायची. माती पातळ झाली की घसरते. बुरूज ढासळला की पाया रुंद करावा लागतो. पायऱ्या मावळ्याला शोभतील एवढ्याच हव्यात, म्हणजे प्रमाण आलं. अळीव पेरले की रोज पाणी शिंपडायचं आणि धीर धरायचा. मग 'शत्रू इकडून आला तर?' असा खेळ रंगतो. त्यात भाषा येते, भांडण येतं, तडजोडही येते.

बालवाडीला १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव देणारे जर्मन शिक्षक फ्रोबेल यांच्या एका खेळण्यात ८ सारखे लाकडी घन होते. जोडले की एक मोठा घन. सुटे केले की त्यांचीच खुर्ची, पूल, जिना. वस्तू साधी, कल्पना मुलाची.

मागे एकदा लेकीचा वाकडा बुरूज मी सरळ केला. तिने खुरपं खाली ठेवलं. म्हणाली, "आई, आता हा तुझाच किल्ला." तेव्हापासून मी फक्त माती आणून देते आणि विचारते, "पाणी कुठून वाहून जाईल गं?"

सुट्टीनंतर वर्गात प्रत्येकाला आपल्या किल्ल्याचं चित्र काढून माहिती सांगायला लावा. ढासळलेला बुरूजही सांगू द्या.