राजधानीचा तट कोणी राखला?

राजाच्या मनात आले आणि राजधानी उभी राहिली, असे फक्त गोष्टीत घडते. खरी राजधानी वसवायची म्हणजे आधी जागा बघावी लागते. मग पाणी, धान्य आणि बंदोबस्त.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३२४ मध्ये बायझँटियम हे जुने ग्रीक शहर निवडले. नकाशा उघडून पाहा. उत्तरेला सुवर्णशृंग नावाची खाडी, पूर्वेला बॉस्फरसची सामुद्रधुनी, दक्षिणेला मार्मारा समुद्र. तिन्ही बाजूंनी पाणी, फक्त पश्चिमेला जमीन! ११ मे ३३० रोजी तेथे नव्या राजधानीचा मोठा समारंभ झाला. तिला लोक कॉन्स्टॅन्टिनोपल म्हणू लागले. धान्य इजिप्तहून जहाजांनी येई. पिण्याचे पाणी लांबच्या डोंगरांतून, कमानींवर बांधलेल्या पाटाने येई आणि मोठमोठ्या हौदांत साठे.

वस्ती वाढली, पहिला तट अपुरा पडू लागला. म्हणून पश्चिमेला, आणखी बाहेरच्या बाजूस, नवा तट बांधला. साल होते ४१३. गादीवर दुसरा थिओडोसियस होता, तो जेमतेम बारा वर्षांचा! कारभार अँथेमियस नावाचा अधिकारी पाही. तटाची लांबी सुमारे सहा किलोमीटर, उंची सुमारे बारा मीटर, जाडी सुमारे पाच मीटर आणि बुरूज ९६. दगडांच्या थरांमध्ये विटांचे पट्टे घातले होते. हे पट्टे भिंतीच्या आरपार जात, त्यामुळे बाहेरचा दगड आणि आतला चुन्याचा भराव घट्ट बांधला जाई.

पण तट ज्यांच्या जमिनीतून गेला, त्यांचे काय? त्यासाठी त्याच वर्षी कायदा झाला. बुरुजाची खालची जागा त्या जमीनमालकाने वापरावी, मात्र दरवर्षी बुरुजाची डागडुजी त्याने स्वतःच्या खर्चाने करावी. आहे की नाही शहाणपणाचा कायदा?

पुढे ४४७ साली मोठा भूकंप झाला. सत्तावन्न बुरूज कोसळले! त्यातच हूणांचा राजा अत्तिला याची फौज मुलूख लुटत चालली होती. तट पडलेला आणि शत्रू जवळ, आता करायचे काय? शहरात रथांच्या शर्यतींचे शौकीन होते. त्यांचे निळे आणि हिरवे असे दोन गट, एकमेकांशी सदा भांडणारे. या दोन्ही गटांनी मिळून तटाचे काम केले, असे जुन्या ग्रंथात सांगितले आहे. तटाच्या एका दरवाजावर शिलालेख आहे. साठ दिवसांत काम पुरे झाले, असे त्यात कोरले आहे. अत्तिलाने राजधानीवर हल्ला केलाच नाही.

या तटापुढे पुढे आणखी एक भिंत आणि सुमारे वीस मीटर रुंद खंदक होता. हजार वर्षे कोणत्याही शत्रूला हा जमिनीकडचा तट फोडून आत शिरता आले नाही. शेवटी १४५३ साली तुर्की सुलतान दुसरा मेहमद याने प्रचंड तोफा आणून तो पाडला. आज त्या शहराला इस्तंबूल म्हणतात. तटाचा बराच भाग अजून उभा आहे.

तट एकदा बांधून भागत नाही, तो रोज राखावा लागतो. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या लोकांनी हे ओळखले होते.

सांगा पाहू :
१) शहराच्या कोणत्या बाजूला जमीन होती?
२) दगडांच्या थरांत विटांचे पट्टे का घालत?
३) बुरुजाची डागडुजी कोणी करायची?