परिषदेचा मुक्काम

(एखाद्या विषयावर विचार करण्यासाठी ठिकठिकाणचे जाणकार एकत्र जमतात. अशा सभेला परिषद म्हणतात. परिषदेला आलेली माणसे कोठे उतरतात, त्यांची व्यवस्था कशी होते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

परिषद भरवायची म्हणजे आधी काय शोधावे लागते? तुम्ही म्हणाल, सभागृह. सभागृह तर लागतेच. पण त्याआधी झोपायला जागा शोधावी लागते! परगावाहून पाचशे माणसे येणार. कोणी पहाटेच्या गाडीने येईल, कोणी मध्यरात्री. ती दोन-तीन दिवस राहणार. त्यांना स्वच्छ खोली हवी, आंघोळीला गरम पाणी हवे, वेळेवर चहा हवा.

पूर्वी प्रवासी सराईत किंवा धर्मशाळेत उतरत. शेरशाह सूरीने (कारकीर्द १५४० ते १५४५) मोठ्या रस्त्यांवर अनेक सराया बांधल्या, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. सराईतला वाटसरू रात्र काढी आणि उजाडताच पुढे निघे. परिषदेच्या पाहुण्याचे तसे नसते. तो कामासाठी मुक्काम करतो. त्याला रात्री बसून लिहायला टेबल लागते, टेबलावर दिवा लागतो आणि सकाळी वेळेवर तयार व्हावे लागते. अशा कामाच्या माणसांसाठी चालवलेल्या हॉटेलला बिझनेस हॉटेल म्हणतात.

या पद्धतीचे हॉटेल घडवण्यात एल्सवर्थ स्टॅटलर या अमेरिकन गृहस्थाचा मोठा वाटा आहे. त्याचे बालपण गरिबीत गेले. लहान वयातच तो एका हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलण्याचे काम करू लागला. पाहुण्यांना काय त्रास होतो, हे त्याने त्या नोकरीत जवळून पाहिले. त्या काळी बहुतेक हॉटेलांत एका मजल्यावरच्या सर्वांना एकच स्नानगृह असे. फिरतीवरच्या विक्रेत्याला सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे राहावे लागे. स्टॅटलरने १९०८ साली बफेलो शहरात नवे हॉटेल उघडले आणि जाहिरात केली, की दीड डॉलरमध्ये खोलीही मिळेल आणि खोलीला जोडलेले स्नानगृहही मिळेल.

एवढ्या स्वस्तात हे कसे परवडले? त्याने दोन शेजारच्या खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधली. मधल्या पोकळीतून पाण्याचे नळ उभे नेले. एकाच नळाने दोन्ही खोल्यांना, आणि वरच्या-खालच्या सर्व मजल्यांना पाणी पुरवले. नळ कमी लागले, खर्च उतरला. तुमच्या गावात एखादी नवी इमारत बांधली जात असेल तर जाऊन पाहा. स्नानगृहे अशीच एकमेकांना चिकटून असतात. खोलीत शिरताच हाताशी दिव्याचे बटण असावे, ही सोयही त्याने केली. गोष्ट साधीच, पण अंधारात अनोळखी खोलीत चाचपडणाऱ्याला ती फार मोठी वाटते.

आता आपल्या देशातील एक गोष्ट ऐका. १९५६ साली युनेस्को या जागतिक संघटनेची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरायची होती. शिक्षण, विज्ञान व संस्कृती हे युनेस्कोचे विषय. देश स्वतंत्र होऊन नऊच वर्षे झाली होती. जगभरातून प्रतिनिधी येणार आणि त्यांना उतरायला राजधानीत पुरेशी चांगली जागा नाही, अशी स्थिती होती. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी या कामात स्वतः लक्ष घातले. चाणक्यपुरीत अशोक हॉटेल उभे राहिले. सभांसाठी विज्ञान भवन बांधले गेले. ५ नोव्हेंबर १९५६ रोजी परिषद सुरू झाली. ती महिनाभर चालली. तिच्या अध्यक्षपदी कोण निवडून आले, ठाऊक आहे? आपले त्या वेळचे शिक्षणमंत्री, उर्दूचे थोर लेखक मौलाना अबुल कलाम आझाद! त्याच दिवसांत सुएझ कालव्यावरून लढाई पेटली होती आणि हंगेरीत रणगाडे शिरले होते. अशा वेळी परस्परांवर रागावलेल्या देशांचे प्रतिनिधी दिल्लीत एकत्र बसले. पूर्व आणि पश्चिम यांनी एकमेकांची संस्कृती समजून घ्यावी, यासाठी एक मोठी योजना या परिषदेने मंजूर केली.

परिषदा काही फक्त मंत्र्यांच्या नसतात. डॉक्टरांच्या असतात, शेतकऱ्यांच्या असतात, शिक्षकांच्याही असतात. समजा, मालेगावच्या एका उर्दू शाळेतील गणिताच्या बाई पुण्याला परिषदेसाठी निघाल्या आहेत. त्या निबंध वाचणार आहेत. विषय तुमच्या रोजच्या अनुभवातला आहे. उर्दू वाक्य उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि त्याच ओळीतले समीकरण डावीकडून उजवीकडे! नवख्या मुलाची नजर मध्येच अडखळते. त्याला गणित येत नाही, असे आपण समजतो. खरे तर तो दिशा चुकलेला असतो. हे सांगायला बाईंना फक्त बारा मिनिटे मिळणार आहेत. आणि हॉटेलात एकटीने उतरण्याची त्यांची ही पहिलीच वेळ आहे.

परिषदेच्या आयोजकांनी हॉटेलातील बऱ्याच खोल्या एकदम राखून ठेवलेल्या असतात. एकत्र खोल्या घेतल्यामुळे भाडे कमी पडते. मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत नाव कळवले नाही, तर हॉटेल ती खोली दुसऱ्याला देऊ शकते. बाईंनी आधीच पत्र पाठवून नाव नोंदवले होते. संध्याकाळी त्या हॉटेलात पोहोचल्या आणि स्वागतकक्षापाशी गेल्या.

“नमस्कार. गणित परिषदेसाठी आले आहे. माझ्या नावाने खोली राखून ठेवली आहे.”

“नमस्कार, मॅडम. ओळखपत्र दाखवता का?”

“हे घ्या. भाऊ, भाड्यात सकाळचा नाश्ता धरला आहे का?”

“हो मॅडम. सात ते दहा, पहिल्या मजल्यावर.”

“आणि बिल शाळेच्या नावाने मिळेल ना?”

“मिळेल. शाळेचे पूर्ण नाव या कागदावर लिहून द्या, म्हणजे चूक होणार नाही.”

“आणखी एक. माझ्या खोलीत पश्चिम दिशा कोणती? नमाजसाठी विचारते.”

“तुमची खिडकी पश्चिमेलाच आहे, मॅडम.”

बिलाचा प्रश्न किरकोळ नाही. शाळा प्रवासाचा व राहण्याचा खर्च देते. पण त्यासाठी पक्के बिल लागते. बिलावर नावच चुकले, तर बाईंना पैशांसाठी खेटे घालावे लागतील, कदाचित ते खिशातूनच जातील. म्हणून असे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत. विचारण्यात संकोच कसला? हॉटेलातील माणसे त्यासाठीच तेथे बसलेली असतात.

ओळखपत्र पाहून पाहुण्याचे नाव, पत्ता, येण्याची वेळ यांची नोंद होते. पाहुणा परदेशी असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. मग खोलीची किल्ली मिळते. आजकाल किल्लीऐवजी प्लॅस्टिकचे कार्ड असते. दाराला ते लावले की कुलूप उघडते. आत भिंतीवर एक खाच असते. तिच्यात कार्ड ठेवले की दिवे लागतात. बाहेर जाताना कार्ड काढले की थोड्या वेळात दिवे व पंखे आपोआप बंद होतात. पाहुणा विसरला तरी वीज वाया जात नाही.

खोलीत गेल्यावर बाईंनी पहिले काम कोणते केले? दाराच्या आतल्या बाजूस लावलेला नकाशा पाहिला. आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचे, हे त्यावर दाखवलेले असते. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे आहेत, ती मोजून ठेवावीत. बाईंनी मोजली : चार. गणिताच्या बाई त्या!

मेजावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्या फुकट होत्या. लहान फ्रीजमधल्या वस्तूंचे मात्र पैसे पडतात. त्यांचे दरपत्रक शेजारी ठेवलेले असते. ते न वाचता हात घालू नये. रात्री बाईंनी घड्याळ समोर ठेवून निबंध तीनदा मोठ्याने वाचला. पहिल्यांदा सतरा मिनिटे लागली. दोन परिच्छेद काढून टाकले, तेव्हा साडेअकरा मिनिटांत बसला.

सकाळी त्यांनी दाराबाहेर एक मावशी पाहिली. तिच्या ढकलगाडीवर चादरी, साबण, झाडू असे सामान होते. अशी एकेक बाई किंवा पुरुष दिवसाला बारा-पंधरा खोल्या आवरतो. गादी उचलून चादर चारही बाजूंनी ताणून बसवणे हे कमरेचे काम आहे. पाहुण्यांना ही माणसे क्वचितच दिसतात. कारण पाहुणे सभेत असतात तेव्हाच ती खोलीत येतात. बाईंनी मावशीला सलाम केला आणि टॉवेल आज बदलू नका, असे सांगितले. एक दिवसाच्या टॉवेलला धुणे कशाला?

परिषदेत बारा मिनिटे संपत आली तशी सत्राध्यक्षांनी घंटी वाजवली. बाईंचे शेवटचे वाक्य तेव्हाच पूर्ण झाले. टाळ्या बेताच्याच पडल्या. पण चहाच्या वेळी हैदराबादचे एक शिक्षक त्यांना शोधत आले. “आमच्याकडेही हीच अडचण आहे,” ते म्हणाले. दोघांनी कागदावर समीकरणे लिहून पाहिली. चहा गार झाला. परिषदेत खरे बोलणे पुष्कळदा असे सभागृहाबाहेरच होते.

आता भाषेची एक गंमत पाहा. मुक्काम, मजला, हिशेब, खर्च, हजर, रवाना हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. ‘मजला’ म्हणजे तुमच्या ‘मंजिल’चाच भाऊ! हॉटेलातले मराठी तुम्हांला निम्मे आधीच येते.

तिसऱ्या दिवशी खोली दुपारी बाराच्या आत सोडायची होती. बाईंनी बिल ओळीओळीने तपासले. न घेतलेल्या जेवणाचे २४० रुपये त्यात चढले होते. त्यांनी ते शांतपणे दाखवले. कारकुनाने नोंद पाहून रक्कम लगेच कमी केली. शाळेचे नाव बरोबर होते. बस संध्याकाळची होती, म्हणून बॅग स्वागतकक्षात ठेवून त्यांनी पावती घेतली आणि शेवटच्या सत्राला गेल्या. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या खोलीत नवी चादर घातलेली होती आणि दुसऱ्या पाहुण्याचे नाव वहीत चढले होते.