अँटीटमची लढाई

इ. स. १८६१ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची अकरा संस्थाने संघराज्यातून फुटून निघाली. तेथील कापसाच्या मळ्यांत लक्षावधी गुलाम राबत होते. संघराज्य अभंग राखण्यासाठी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी शस्त्र उचलले.

जुलै १८६२ मध्ये लिंकन यांनी गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा मंत्रिमंडळापुढे ठेवला. परंतु त्या वेळी उत्तरेच्या सैन्याची पीछेहाट चालली होती. परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाले की, अशा वेळी निघालेला जाहीरनामा जगाला हतबल सरकारचा आक्रोश वाटेल. विजय मिळेपर्यंत थांबावे. लिंकन यांस ते पटले.

दुसरी चिंता परदेशांची होती. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखल्यामुळे इंग्लंडला कापूस मिळेना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. इंग्लंडचे पंतप्रधान पामर्स्टन मध्यस्थीचा विचार करू लागले. दक्षिणेला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळती, तर संघराज्य कायमचे दुभंगले असते.

अशा वेळी दक्षिणेचा सेनापती ली पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँडमध्ये शिरला. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटम ओढ्याच्या काठी, मक्याच्या शेतात व दगडी पुलावर घनघोर रण माजले. एका दिवसात सुमारे २३,००० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. निर्णायक विजय कोणासच मिळाला नाही. पण दुसऱ्या रात्री लीने माघार घेतली. लिंकन यांना तेवढे पुरे होते.

२२ सप्टेंबरला त्यांनी जाहीर केले, की १ जानेवारी १८६३ रोजी जे प्रदेश बंडात असतील, तेथील गुलाम मुक्त समजले जातील. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या संस्थानांतील गुलामांना तो लागू नव्हता. तरीही युद्धाचे स्वरूप पालटले. आता दक्षिणेची बाजू घेणे म्हणजे गुलामगिरीची बाजू घेणे ठरले असते. पामर्स्टन सावध झाले, आणि नोव्हेंबरात संयुक्त मध्यस्थीची फ्रान्सची सूचना इंग्लंडने नाकारली. वर्षअखेर मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकन यांना पाठिंबा कळविला. कापसाअभावी ज्यांच्या चुली थंडावल्या, त्यांनीच परक्या गुलामांच्या मुक्ततेचा पक्ष घेतला!

पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. रणांगणावर अनिर्णित राहिलेल्या लढाईने राजकारणात मात्र निर्णय घडविला.

स्वाध्याय
१. सेवर्ड यांनी लिंकन यांस कोणता सल्ला दिला? का?
२. मँचेस्टरच्या कामगारांचा त्याग तुमच्या शब्दांत सांगा.
३. वाक्यांत उपयोग करा : पीछेहाट, अभंग राखणे, पक्ष घेणे.