प्रवेश घेताना पुढची वाट विचारा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच धास्ती असते: आता निर्णय चुकला तर मुलाचं आयुष्य वाया जाईल. शिक्षण एकदा सुटलं की पुन्हा धरता येत नाही, हा समज या धास्तीच्या मुळाशी आहे. म्हणून ‘स्कोप कशाला आहे?’ याच्या जोडीनं आणखी एक प्रश्न विचारायला हवा: इथून पुढे कुठे जाता येतं, आणि मध्येच थांबावं लागलं तर परत येता येतं का?

इंजिनिअरिंगचाच हिशेब मांडू. अकरावी-बारावीची २ आणि पदवीची ४, अशी दहावीनंतर ६ वर्षं लागतात. डिप्लोमाची ३ वर्षं करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तरी ६च. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तो २, २ आणि ३ अशा ७ वर्षांत तिथेच पोचतो. म्हणजे ‘वाया गेला’ म्हणून ज्याच्या नावानं घरात सुस्कारे टाकले जातात, त्याचं फक्त एक वर्ष जास्त जातं आणि फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचं काम हाताशी राहतं. खरी अडचण गणिताची असते. डायरेक्ट सेकंड इयरला आल्या आल्या समोर एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, उभा ठाकतो, आणि त्याच्या आधीचं पदवीचं गणित वर्गात झालेलंच नसतं. प्रवेशाआधीच्या सुट्टीत तेवढा पाया पक्का केला, तर ही वाट पुष्कळ सोपी होते.

नोकरी सांभाळत मुक्त किंवा दूरस्थ पदवी घ्यायचं म्हटलं, तर पालक म्हणतात, ‘कंपन्या रेग्युलर पदवीच बघतात.’ पहिल्या नोकरीपुरतं यात तथ्य आहे, आणि सरकारी भरतीची वयोमर्यादाही विसरून चालणार नाही. पण नियम बदलले आहेत. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स साधारण ७ वर्षं जमा राहू शकतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना शिकवत आहे. मात्र प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाची मान्यता यूजीसीच्या यादीत तपासायलाच हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘आयुष्यभर शिका’ म्हणणं म्हणजे सगळा भार कामगाराच्याच डोक्यावर टाकणं. एका आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाइट, अशा माणसानं अभ्यासकेंद्रावरचे तास गाठायचे कसे? नुसत्या जिद्दीनं हे जमत नाही, त्याला वेळ आणि पैसा लागतो. सिंगापूरनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्किल्सफ्यूचर’ योजनेत २५ वर्षांवरील नागरिकांना प्रशिक्षणासाठी ५०० सिंगापुरी डॉलरचं क्रेडिट दिलं. २०२४ मध्ये चाळिशीच्या पुढच्यांना आणखी ४,००० दिले. आपल्याकडेही १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याच्या सोयीनं शाळेची वेळ ठरवणं, हीच त्यातली दृष्टी होती. आज ती दृष्टी उद्योगांच्या रजेच्या नियमांत आणि सरकारच्या शिष्यवृत्त्यांत उतरायला हवी.

तोवर विद्यार्थ्यांनी आपल्यापुरतं एवढं करावं: ऑफर लेटर हातात आलं की पगाराबरोबर हेही विचारावं, की परीक्षेसाठी रजा मिळते का, शिफ्ट बदलून मिळते का आणि पुढच्या शिक्षणाची फी कंपनी भरते का. दोन नोकऱ्यांचे पगार सारखे असतील, तर ज्या ठिकाणी या प्रश्नांना सरळ होकार मिळतो, ती नोकरी धरावी.