शासकीय खरेदी आणि महिला उद्योजक

शाळेच्या बाकापासून रुग्णालयाच्या चादरीपर्यंत अगणित वस्तू शासन विकत घेते. हा पैसा जनतेचा असतो. म्हणून तो कोणाच्या हाती जातो, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो. विकसनशील देशांना याची जाणीव झालेली आहे. केनियाने शासकीय खरेदीतील ३० टक्के वाटा महिला, तरुण व दिव्यांग यांच्यासाठी राखला. आपल्याकडे २०१२ च्या खरेदी धोरणात २०१८ मध्ये सुधारणा झाली. केंद्रीय खाती व उपक्रम यांनी २५ टक्के वार्षिक खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के व महिला उद्योजकांकडून ३ टक्के, असे ठरले.

मग अडते कोठे? बहुधा निविदेच्या अटींत. अंगणवाडीतील आहाराचे उदाहरण घेऊ. या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, काम शक्यतो बचत गट, महिला मंडळे व ग्रामसमूह यांना द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये बजावले होते. तरीही महाराष्ट्रातील २०१६ च्या निविदेत अनेक प्रकल्प एकत्र बांधले गेले व मोठ्या उलाढालीची अट आली. स्वयंपाक येणाऱ्या, पण भांडवल नसणाऱ्या स्त्रिया दाराबाहेर राहिल्या. बचत गटांनी दाद मागितली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती निविदा रद्द केली. हक्क कागदावर असला, तरी तो मागावा लागतो, हा यातील धडा होय.

मागण्यासाठी आधी माहिती हवी. उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगांना वरील धोरणानुसार निविदेचे कागद विनामूल्य मिळतात व बयाणा रक्कम माफ असते. माल स्वीकारल्यानंतर ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. लहान उद्योग बहुधा थकलेल्या बिलांपायी बुडतो; म्हणून हे कलम आपल्या भगिनींना ठाऊक असलेच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र घरातच बाळगावयास हवी. नोंदणी पत्नीच्या नावे आणि व्यवहार पतीच्या हाती, अशाने आकडे वाढतील, स्त्री वाढणार नाही. दर ठरविणे, बँकेचे खाते पाहणे, अधिकाऱ्यासमोर आपली बाजू मांडणे ही कामे तिनेच करावीत. आपल्या माजी विद्यार्थ्यांत हिशेबनीस, वकील, अभियंते आहेत. त्यांनी आपापल्या वस्तीतील एका बचत गटाला निविदा वाचावयास शिकविली, तरी आपण घेतलेल्या शिक्षणाचे मोठे ऋण फिटेल.