सरोवर डाव्या हाताला

जपान देशात क्योतो नगरीच्या पूर्वेस, डोंगरांच्या कुशीत, बिवा नावाचे एक विशाल सरोवर पसरले आहे. जपानमधील सर्वांत मोठे सरोवर ते हेच. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर असून शिगा प्रांताची जवळजवळ एकषष्ठांश भूमी त्याने व्यापली आहे. बिवा हे जपानी लोकांचे एक जुने तंतुवाद्य होय. त्याचे पोट फुगीर आणि मान आखूड असते. सरोवराचाही उत्तर भाग असाच रुंद व दक्षिण भाग निमुळता आहे. म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

या सरोवराला सायकलवरून प्रदक्षिणा घालण्याची हौस जपानी तरुणांना फार. या प्रदक्षिणेला ते 'बिवाइची' म्हणतात. २०१९ साली जपान सरकारने या मार्गाला राष्ट्रीय सायकलमार्गाचा मान दिला. रस्त्यावर ठिकठिकाणी निळे बाण रंगवलेले आहेत. त्यांच्या मागे मागे गेले की वाट चुकत नाही. तरीही जो प्रवासी केवळ बाणांच्या भरवशावर घराबाहेर पडतो, त्याची पुढे फजिती होते. प्रवासाचा खरा आरंभ चाकांनी नव्हे, तर टेबलावर पसरलेल्या नकाशाने होतो.

नकाशा पाहताच पहिला प्रश्न उभा राहतो: प्रदक्षिणा कोणत्या दिशेने घालावी? देवळात आपण देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो. येथे मात्र नेमके उलटे करावे लागते. आपल्या देशाप्रमाणेच जपानमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. सरोवर डाव्या हाताला ठेवून निघाले, तर सायकलस्वार आणि पाणी यांच्यामध्ये मोटारी येत नाहीत. शिवाय काठावर थांबावेसे वाटले, तर रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने जाणाऱ्याला हेच सरोवर दिवसभर मोटारींच्या रांगांपलीकडे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न अंतराचा. सबंध सरोवराची फेरी सुमारे २०० किलोमीटरची होते. परंतु सरोवराच्या कंबरेवर, जेथे ते अगदी अरुंद होते, तेथे १९६४ साली एक पूल बांधण्यात आला. या पुलावरून पलीकडे गेल्यास दक्षिणेकडील गजबजलेला भाग वगळता येतो आणि फेरी सुमारे १५० किलोमीटरची उरते. कसलेले सायकलस्वार हे अंतर एका दिवसात तोडतात. पण ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याला नुसते पायंडल मारण्यासच दहा तास लागतील. मग जेवण केव्हा, विसावा केव्हा आणि सरोवर पाहायचे तरी केव्हा? नोव्हेंबरमध्ये तर तेथे पाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून नवख्या मंडळींनी तीन दिवस हाताशी ठेवावेत. बरोबर चारजण असतील, तर त्यांतील सर्वांत मंद चालणाऱ्याच्या वेगानेच हिशेब मांडावा. तसे न केल्यास तो बिचारा सायंकाळी अंधारात एकटाच मागे राहतो.

ऋतूही पाहिला पाहिजे. जून-जुलैत पावसाची झड असते, सप्टेंबरच्या सुमारास वादळे येतात आणि हिवाळ्यात उत्तरेकडील गावे बर्फाखाली जातात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने त्यातल्या त्यात सुखाचे.

पुलाच्या पूर्व टोकापासून उत्तरेस निघाले, की पहिला दिवस सुखात जातो. रस्ता सपाट, उजवीकडे भातशेती, डावीकडे पाणी. वाटेत हिकोने येथील जुना किल्ला लागतो. तो चढून पाहण्यास वेळ राखून ठेवावा, आणि मुक्काम नागाहामा गावी करावा.

दुसऱ्या दिवशी मात्र पायांची परीक्षा असते. उत्तरेकडे डोंगर थेट पाण्यात उतरले आहेत. शिझुगाताके नावाच्या डोंगरापाशी १५८३ साली मोठी लढाई झाली होती. तेथील चढ नकाशावर बोटभर दिसतो, पण पाय त्याची लांबी निराळीच सांगतात. वर एक जुना बोगदा आहे; त्यात शिरण्यापूर्वी सायकलचा दिवा लावावा. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी आले, की एकदम खाली सरोवराची निळी खाडी दिसते आणि घाम पुसायचेही भान राहत नाही. पुढे काइझु-ओसाकी येथे काठाने चेरीची शेकडो झाडे आहेत. ती एप्रिलच्या मध्यास फुलतात, तेव्हा तेथे माणसांची इतकी गर्दी होते, की सायकल हातात धरून चालणेच बरे.

पश्चिम काठावर हारिए नावाचे एक गाव आहे. ते पाहण्यासाठी अर्धा दिवस खर्च झाला, तरी तो वाया गेला असे म्हणता येणार नाही. या गावात भूमीतून गोड पाण्याचे झरे वर येतात. ते पाणी घरोघरच्या लहानशा कुंडांत खेळवलेले आहे. पहिल्या कुंडातील पाणी पिण्यासाठी घेतात, दुसऱ्यात भाज्या धुतात आणि शेवटच्या कुंडात खरकटी भांडी घासतात. त्या शेवटच्या कुंडात मासे पाळलेले असतात. भातशिते ते गट्ट करतात आणि पाणी पुढे ओढ्यात जाते. आपल्या कुंडातून निघालेले पाणी पुढे शेजाऱ्याच्या दारावरून व अखेर सरोवरात जाणार, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. ही कुंडे लोकांच्या राहत्या घरांत असल्यामुळे गावातील मार्गदर्शकाला बरोबर घेऊनच ती पाहावीत.

हे गाव पाहिलेल्या प्रवाशाला सरोवराची पुढील कथा चटकन समजते. लहानमोठ्या शेकडो नद्या-ओढे बिवा सरोवरास मिळतात. परंतु त्यातून नैसर्गिकपणे बाहेर पडणारी नदी एकच, दक्षिणेकडील सेता. म्हणजे आत आलेली घाण लवकर बाहेर जात नाही. १९७७ सालच्या मे महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी तांबूस झाले आणि त्याला मासळीसारखी दुर्गंधी येऊ लागली. घरांतून, शेतांतून व कारखान्यांतून आलेल्या नत्र व स्फुरद या द्रव्यांमुळे पाण्यात सूक्ष्म जीव बेसुमार वाढले होते. कपडे धुण्याच्या कृत्रिम पुडीत स्फुरद असते, हे कळल्यावर शिगा प्रांतातील गृहिणींनी ती पूड टाकून साधा साबण वापरण्याची चळवळ आरंभली. १९७९ साली प्रांताने नियम केला आणि १९८० च्या जुलैपासून स्फुरदयुक्त पुडीची विक्री व वापर या दोहोंवर बंदी आली. त्या पुडीने कपडे स्वच्छ निघत असत. तरीही घरोघरच्या बायकांनी ती सोडली. आज सुमारे १ कोटी ४५ लाख लोक या सरोवराचे पाणी वापरतात. शिगामधील पाचवीतील मुले 'उमिनोको' नावाच्या जहाजावर एक रात्र राहून सरोवराचा अभ्यास करतात. हा परिपाठ १९८३ पासून चालत आला आहे.

तिसऱ्या दिवशीच्या वाटेत शिराहिगे देवस्थानाचे लाल तोरण थेट पाण्यात उभे असलेले दिसते. देऊळ रस्त्याच्या एका बाजूस आणि तोरण दुसऱ्या बाजूस, त्यामुळे छायाचित्र घेण्यासाठी रस्त्यावर धावण्याचा मोह होतो. रस्ता अरुंद आहे आणि अवजड वाहनांची रहदारी सतत चालू असते. तेव्हा हा मोह आवरावा. याच काठावर हिरा पर्वतावरून कधीकधी असा सोसाट्याचा वारा उतरतो, की आगगाड्यासुद्धा थांबवाव्या लागतात. अशा वेळी ठरवलेले अंतर पुरे करण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. सरोवराभोवती लोहमार्गाचे कडेच आहे. चाके काढून सायकल पिशवीत बांधली, की ती आगगाडीत नेता येते. अशी पिशवी सामानात असावी, आणि ती वापरावी लागली म्हणून लाजू नये. वारा फारच असेल तर गाड्या सुरू होईपर्यंत गावात मुक्काम करावा. त्यासाठी एक दिवस शिलकीत ठेवलेला बरा.

वारा पडला, की काताता गावापर्यंतची वाट सोपी आहे. तेथून पुलाचा चढ सुरू होतो. तीन दिवस जे पाणी केवळ डाव्या हाताला होते, ते पुलाच्या माथ्यावर दोन्ही हातांना दिसू लागते. उजवीकडे शहरांच्या गर्दीतून दक्षिणेस, सेता नदीकडे, गेलेला निमुळता भाग. डावीकडे उत्तरेचा अथांग विस्तार आणि त्याच्या टोकाशी, हवा स्वच्छ असल्यास, काल ओलांडलेले डोंगर.